करपल्या गुळाच्या लाह्या

आमच्या आईनं म्हातारपणी एकच नवा पदार्थ शिकून घेतला, तोही आपल्या पद्धतीनं बिघडवून. कॅरमल पॉपकॉर्न. माझ्या मुलीकडे पुण्याला गेलो होतो, तेव्हा तिनं आजीला मॉलमधल्या थिएटरात नेलं. सिनेमा आईनं झोपून काढला. पण नातीच्या हातातल्या डब्यातला एक दाणा तोंडात टाकला आणि खडबडून जागी झाली. बाहेर आल्यावर सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, "लाह्याच की त्या! साखर जाळून लावलीया नुसती. मी गुळात करून दाखवते."

आणि दाखवल्या. सोलापूरला परत आल्यावर पहिल्याच शनिवारी. आई कुंभारी गावची. वडील गेल्यावर ती आमच्याकडे सात रस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आली ती शेवटपर्यंत राहिली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणून ती फारशी खाली उतरायची नाही. तिचं जग म्हणजे आमचं स्वयंपाकघर, गॅलरी आणि वरच्या मजल्यावरच्या भाभी. शनिवार आमच्या ह्यांच्या सुट्टीचा. हे कुर्डुवाडीला रेल्वेत, रोजचं जाणं-येणं, त्यामुळे शनिवारी दुपारी घरात काहीतरी गोडाधोडाचं व्हावं असं आईला वाटायचं. जावयाचे लाड! माझे कधी केले नाहीत एवढे.

शिट्टी काढलेला कुकर, तळाशी चमचाभर तेल, त्यात मक्याचे दाणे. दाणे आतून कुकरवर ताडताड डोकं आपटायला लागले की आई लहान मुलीसारखी हसायची. शेजारच्या शेगडीवर कढईत गूळ आणि तूप. गूळ विरघळायचा, फेसाळायचा, मग हळूहळू त्याचा रंग गडद व्हायचा. तिथंच खरी मेख. पाक कमी झाला तर लाह्या चिकट होऊन दाताला बसतात, जास्त झाला तर कडू. चिक्की करणारे लोक पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघतात. आईला तेही मान्य नव्हतं.

"पाणी कशाला? नाक दिलंय की देवानं," म्हणायची. "गुळाचा कच्चा वास गेला का, थांबायचं. करपट वास यायच्या आत कढई उतरवायची. मधी जरासा वेळ असतोय, त्यात काम झालं पायजे. मग सोडा, मग लाह्या, मग शेंगदाणं. लई सोपं हाय."

लई सोपं! स्वतः तिला ते एकदाही जमलं नाही. त्या 'जरासा वेळ' मध्ये तिला नेमकं काहीतरी आठवायचं. कुंभारीच्या विहिरीतली कासवं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पळून गेलेला बँडवाला. गोष्ट सांगता सांगता हात थांबायचा आणि कढईतून निळसर धूर निघायचा. दर शनिवारी. मी ओरडायचे, "आई, करपलं! पंखा लाव!" शेवटी तिच्या ह्या उद्योगापायीच मी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. तो घरघरायला लागला की आई नाक मुरडायची. "समदा वास घालवतंय बघ तुझं यंत्र. मग खायचं काय, भुस्कट?"

"नियम तूच शिकवतेस आणि तूच मोडतेस," मी म्हणायचे.

"शिकवायचं काम माझं. पाळायला तुम्ही हाय की!"

जराशा कडवट, काळपट सोनेरी, ताटात पसरलेल्या त्या लाह्या आम्ही तिघं मिळून संपवायचो. वाटीभर वर भाभींकडे जायच्या. आई गुळाचे चिकट हात धुवायची नाही, पदराला नाहीतर मांडीवरच्या चादरीला पुसायची. भर उन्हाळ्यातसुद्धा तिला पायावर चादर लागायची, आपल्या सोलापुरी चौकड्याची, हिरवी नि मरून. मी किती चिडायचे! धुऊन धुऊन माझे हात दुखायचे.

आई दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, ही एक गोष्ट तिनं नियमाप्रमाणे केली. तेरावं झाल्यावर पाहुण्यांनी तिचे कपडे वाटले, लुगडी दिली, चपला दिल्या. चादर मात्र मी कुणाला दाखवलीच नाही. ती न धुता एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घातली आणि कपाटात खालच्या कप्प्यात मागे ढकलली. तिच्यात आईचा वास होता. खोबरेल तेल, मिसरी, आणि सगळ्यांच्या वर तो करपट गूळ. कधी जीव कासावीस झाला की मी कपाट उघडायचे, अभ्र्याचं तोंड सैल करायचे, चादरीचं टोक जरासं वर ओढायचे आणि त्यात नाक खुपसायचे. पूर्ण कधी काढली नाही. पूर्ण काढली तर वास उडून जाईल अशी मला भीती होती. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. पन्नाशीतली बाई कपाटात तोंड घालून रडते, हे सांगायचं तरी कसं?

मग गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. साधाच, घरोघरी होता तसा. ताप उतरला आणि नाक घेऊन गेला.

आधी कळलंच नाही. फोडणीत हिंग घातला की नाही म्हणून पुन्हा घातला, तर हे म्हणाले, आज आमटी आहे की औषध? मग लक्षात आलं. उदबत्तीचा वास नाही. शेंगा भाजल्याचा नाही. दूध उतू गेलं तरी नाही. खाल्लेलं सगळं नुसतं गरम नाहीतर गार, मऊ नाहीतर कडक. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना लवकर येतो, काहींना उशिरा, काहींना... आणि पुढचं त्यांनी औषधाच्या चिठ्ठीकडे बघत गिळलं. रोज चार वस्तू हुंगा म्हणाले, मन लावून, त्याची आठवण करत. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल. चौथं भाभींनी दिलं, गुलाबाच्या अत्तराचा कापसाचा बोळा, छोट्या डबीत. भाभींचं सगळं बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. रोज जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आया क्या कुछ?" आणि मी मान हलवायचे. "आएगा जी, आएगा. जाईल कुठं?"

मला लिंबाचं काही पडलं नव्हतं. लवंगेवाचून कुणाचं अडतं? माझा जीव त्या चादरीत अडकला होता. अभ्र्यात नाक घालायचे आणि काही नाही. नुसतं कापड. वास आहे आणि मला येत नाही, की वासच गेला, हे कळायला मार्ग नव्हता. आणि वास काही कुणासाठी थांबत नसतो. माझं नाक परत येईपर्यंत आई त्या चादरीतून थोडी थोडी निघून चालली असेल, आणि मी शेजारी बसूनही मला कळणार नाही, ह्या विचारानं मला झोप लागायची नाही. आधी दोन-चार आठवड्यांनी कपाट उघडणारी मी रोज उघडायला लागले. रोज.

गंमत अशी की स्वप्नात मला वास यायचा. ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या सोलापुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कूलर लावून, पडदे ओढून पडलं की डोळ्यावर एक पातळ झापड येते, ना झोप ना जाग. त्या झापडीत मी कुठल्यातरी मोठ्या अंगणात असायचे, पांढऱ्या लाह्या वरून हळूहळू पडत असायच्या, जमिनीला टेकेपर्यंत त्यांचा रंग सोनेरी व्हायचा, आणि सगळीकडे गुळाचा वास. आई दिसायची नाही कधी. पण ती पलीकडे आहे, आत्ता येईल, असं वाटायचं. मग जाग यायची आणि नाकात नुसती कूलरची ओली हवा. इतकं वाईट वाटायचं की उठून तोंड धुवावंसंही वाटायचं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मला राहवलं नाही. अभ्रा तसाच छातीशी धरून मी जिना चढून भाभींकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही आईला रोज भेटायचात. तुम्हाला माहीत आहे तिचा वास. बघा हो, आहे का अजून?"

भाभींनी हाताचं पीठ पुसलं. अभ्र्याच्या तोंडाशी नाक नेलं. बराच वेळ तशाच राहिल्या. वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"है ना," म्हणाल्या. "अम्मांचीच बास. जैसी की वैसी है."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या दिवशी जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं! आहे. अजून आहे. आता माझ्या नाकानंच यायचं बाकी होतं.

तेव्हापासून मी दर शनिवारी लाह्या करायला घेतल्या. डॉक्टरांच्या चार वस्तूंत माझी पाचवी, गूळ. पण ज्या पदार्थाची सगळी खूण नाकात, तो बिननाकाच्या बाईनं करायचा कसा? कधी पाक कच्चा, लाह्यांचा गोळा व्हायचा, विटेसारखा फोडावा लागायचा. कधी कोळसा. हे बिचारे मुकाट्यानं खायचे आणि वर म्हणायचे, "छान झालंय." छान म्हणे! माझी जीभ गेली होती, ह्यांच्या जिभेला काय झालं होतं? मी ताट ओढून घ्यायचे. हे परत आपल्याकडे ओढायचे आणि पेपरात डोकं घालून एकेक दाणा कुरकुरत बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

आता चैत्रातली गोष्ट. असाच शनिवार. ह्यांनी दिवाणखान्यात सतरंजी टाकून कूलरसमोर ताणून दिली होती. मी लाह्या फोडून परातीत काढल्या. कढईत गूळ-तूप घातलं, सवयीनं एक्झॉस्टचं बटण दाबलं आणि खिडकीतून बघत उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या ओळी, ऊन एवढं की नजर ठरत नव्हती. त्या स्वप्नातल्या अंगणासारखंच सगळं स्तब्ध. मला आईची कासवं आठवली. विहिरीतली कासवं माणसाचा आवाज आला की वर येतात, आणि आपलं माणूस नसलं की परत खाली जातात, असं ती छातीठोक सांगायची. त्यांना कसं कळतं गं, मी विचारायचे. ती म्हणायची, कळतंय की. आपल्याला न्हाय का कळत?

आणि कुठूनतरी काहीतरी कडू आलं.

आधी वाटलं घशात आलंय. मग वाटलं झापड लागली, स्वप्नच पडतंय उभ्या उभ्या. मी खिडकीची चौकट धरली. चौकट तापलेली होती, हाताला चटका बसला. स्वप्न नव्हतं. वळून बघते तर कढईतून निळसर धूर, आणि तो धूर मला नाकात लागत होता. तिखट, कडवट, गोड. करपलेला गूळ!

"अहो!" मी किंचाळले. "करपलं! अहो, करपलं!"

हे धडपडत उठून आले. अर्ध्या झोपेत, लुंगी सावरत. "मग ओरडतेस काय, गॅस बंद कर!"

"अहो, मला वास आला! करपल्याचा वास आला!"

ह्यांनी गॅस बंद केला. मग हळूच डब्यातली लवंग काढून माझ्या नाकाशी धरली, जसं काही ह्यांचाच विश्वास बसत नव्हता. आली. अगदी लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी, पण आली. मी ह्यांचा हात झटकला आणि धावत कपाटाकडे गेले. लवंग काय पळून जाते? मला माझी आई बघायची होती.

खाली बसले, अभ्रा ओढला, चादरीचं टोक काढलं, डोळे मिटले आणि सगळा श्वास एकदम आत घेतला.

डांबर गोळ्या.

दुसरं काही नाही. नुसत्या डांबर गोळ्या. मी परत हुंगलं, दुसरं टोक हुंगलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा ती चादर पूर्ण बाहेर ओढली. अभ्र्याच्या तळाशी ह्यांचा जुना रुमाल होता, पुरचुंडी बांधलेला. सोडला तर पांढऱ्या गोळ्या, झिजून हरभऱ्याएवढ्या झालेल्या. इतके दिवस माझं नाक त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"कुणी घातल्या ह्या?"

हे दारात उभे होते. "मीच," म्हणाले. "दिवाळीची साफसफाई केली तेव्हा."

"कुणी सांगितला होता तुम्हाला शहाणपणा? कुणी?" मी रुमाल भिरकावला. गोळ्या फरशीभर घरंगळल्या. "माझी आई होती त्यात! घालवलीत तुम्ही! सगळी घालवलीत!"

आणखीही काय काय बोलले. शेजारीपाजारी ऐकत असतील ह्याचंही भान नव्हतं. हे गुडघ्यावर बसून कॉटखाली हात घालून एकेक गोळी गोळा करत राहिले. माझा आवाज बसला तेव्हा तसेच खाली बघत म्हणाले, "तू रोज उघडून बघायचीस. चादरीला नाक लावून, टोक उलटसुलट करून. मला वाटलं कसर लागली म्हणून घाबरतेस. म्हटलं, सासूबाईंची एवढी एकच वस्तू राहिलीय, ती तरी टिकावी."

माझा राग कुठं जाईना, कुठं राहीना. ह्या माणसाला काय बोलणार? मी चादर मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आई ज्या दिवशी गेली त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. तेव्हा वाटत होतं, काहीतरी आहे अजून कपाटात. आता काही नव्हतं. नाक परत आलं ते हे कळायलाच जणू.

बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. भाभी होत्या, धापा टाकत, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय तसाच.

"काय करताय जी तुम्ही?" दारातूनच म्हणाल्या. "जिन्यात अम्मांची बास आली! एकदम! मी जिन्याच्या कठड्यावर कपडे वाळत घालत होते, हात थांबला माझा. वाटलं, अम्माच आल्या, बसल्यात आत स्वयंपाकघरात. पळत आले मी."

हे दारातून बाजूला सरकले.

मग भाभींना मी दिसले, मांडीवरची चादर दिसली, ह्यांच्या मुठीतल्या गोळ्या दिसल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि खाली माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला त्या दिवशी आला होता ना वास? गोळ्यांचा?"

"हौ."

"मग आहे म्हणून का सांगितलंत?"

"तुम्ही कसं बघत होतात माझ्याकडे," भाभी म्हणाल्या. "मी काय बोलणार होते? झूट बोलले. पण आत्ता नाही बोलत. अल्लाची कसम, जिन्यात अम्मांचीच बास आहे. खालच्या मजल्यापर्यंत गेली असेल."

मी नाक पुसलं आणि श्वास घेतला. डांबराच्या पलीकडून, दिवाणखान्यातून, कूलरच्या गार हवेतून तो येत होता. पातळ, कडवट, पदराला पुसलेल्या हाताचा. मघाशी कढईशी उभी होते तेव्हा आला होता तोच. मी त्याच्याकडे पाठ फिरवून धावत कपाटाकडे आले होते.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन घरघरत होता, सगळा वास खेचून बाहेर उन्हात टाकत होता.

मी चादर भाभींच्या मांडीवर ठेवली, उठले, आणि जाऊन आधी तो पंखा बंद केला.